मडगावचे दलाल : ब्रशवर संसार उभा करणाऱ्या चित्रकाराची गोष्ट

जुन्या मराठी पुस्तकाचं मूळ मुखपृष्ठ शाबूत असेल, तर त्याच्या एका कोपऱ्यात अनेकदा तीन अक्षरं दिसतात. द, ला, ल. देवनागरीत केलेली छोटीशी सही. पुढं नाव नाही, मागं पदवी नाही. १९४० ते १९७० या तीस वर्षांत मराठी वाचणाऱ्या घरात, मग ते घर बेळगावच्या शहापुरात असो, इंदूरच्या राजवाड्याजवळ असो की बडोद्यात, ही सही ओळखीची होती. लेखकाचं नाव वाचायच्या आधी डोळे त्या कोपऱ्यात जात.

ही सही दीनानाथ दामोदर दलाल यांची. जन्म ३० मे १९१६, मडगाव. निधन १५ जानेवारी १९७१, मुंबई. वय अवघं ५४. एवढ्या आयुष्यात त्यांनी काढलेल्या मुखपृष्ठांचा हिशेब शेकड्यांत बसत नाही, तो हजारांत जातो. शिवाय कथाचित्रं, हास्यचित्रं, रंगीत चित्रमालिका, आणि स्वतःचं नियतकालिक. विशेष म्हणजे हा सगळा व्याप कोणत्याही सरकारी पगाराच्या किंवा संस्थानी आश्रयाच्या आधारावर उभा नव्हता. काम आलं तर पैसे, नाही आलं तर नाही, अशा धंद्यात त्यांनी जन्म काढला.

पोर्तुगीज गोव्यातून मुंबईला

दलाल जन्मले तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं होतं, आणि त्यामुळं गोव्यातल्या हिंदू समाजालाही थोडी मोकळीक मिळाली होती. मराठी शाळा, वाचनालयं, नाटकं यांनी उचल खाल्ली होती ती याच काळात. पण चित्रकलेचं रीतसर शिक्षण आणि त्यावर पोट भरण्याची सोय, या दोन्ही गोष्टी गोव्यात नव्हत्या. त्यासाठी मुंबईच गाठावी लागे.

गोव्याहून मुंबईला जायचे तेव्हा दोन रस्ते. एक पणजीहून आगबोटीचा. दुसरा रेल्वेचा, मडगावहून दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे असा. म्हणजे आजचा सगळा सीमाभाग गोवेकराच्या वाटेवरच होता. गाणारे, नट, लेखक, छापखान्यातले कामगार, स्वयंपाकी, सगळे याच दोन वाटांनी मुंबईत उतरले. मुंबईच्या कलाजीवनात गोमंतकीयांचा एवढा मोठा वाटा का, याचं उत्तर त्या प्रवासात आहे. घरी राहून चालणारं नव्हतं.

दलाल मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १८५७ साली सुरू झालेली ही संस्था तेव्हा देशातल्या मोठ्या कलाशाळांपैकी एक होती. मानवी शरीराचा अभ्यास, छायाप्रकाश, यथार्थदर्शन, भित्तिचित्रं, भारतीय पद्धतीची सजावटी रचना, हे सगळं तिथं शिकवलं जाई. १९३७ साली त्यांना जी. डी. आर्ट ही पदविका मिळाली.

ते साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. दोनच वर्षं आधी, १९३५ मध्ये, जे. जे. मध्ये कमर्शियल आर्टचा वेगळा विभाग सुरू झाला होता. जाहिरात, वेष्टणं, पोस्टर, पुस्तकं यांसाठी चित्रं काढणं हाही एक व्यवसाय आहे, हे कलाशाळेनं नुकतंच मान्य केलं होतं. तोवर चित्रकार म्हणजे एक तर ड्रॉइंग मास्तर, नाही तर श्रीमंतांची तैलचित्रं करणारा, नाही तर नाटकाचे पडदे रंगवणारा. दलालांनी चौथा रस्ता धरला. छापल्या जाणाऱ्या चित्राचा.

छापखान्याच्या हातात हात घालून

आज संगणकावर चित्र होतं, तसंच्या तसं छापलं जातं. दलालांच्या काळात तसं नव्हतं. चित्रकार कागदावर काढी ते चित्र आणि वाचकाच्या हातात पडे ते चित्र यांच्यामध्ये एक मोठी साखळी होती. त्या साखळीतला प्रत्येक टप्पा माहीत असल्याशिवाय या धंद्यात टिकणं शक्य नव्हतं.

पहिला टप्पा ब्लॉकचा. नुसत्या काळ्या रेषेचं चित्र असेल तर जस्ताच्या पत्र्यावर लाइन ब्लॉक होई. चित्राचा फोटो घ्यायचा, तो पत्र्यावर उतरवायचा, आणि रेषा सोडून बाकीचा भाग तेजाबानं खायला लावायचा. छायाप्रकाशाचं चित्र असेल तर हाफटोन ब्लॉक. त्यात सगळं चित्र बारीक ठिपक्यांत फोडलं जाई. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर ठिपके बारीक चालत, साध्या कागदावर मात्र ते जाड ठेवावे लागत, नाही तर शाई भरून चित्र काळंभोर होई.

रंगीत चित्र म्हणजे आणखी खटाटोप. पिवळा, लाल, निळा आणि काळा असे चार ब्लॉक वेगवेगळे करायचे. एकच कागद मशीनमधून चार वेळा काढायचा. एखादा ब्लॉक केसभर जरी सरकला तरी नायिकेच्या ओठांचा रंग गालावर जाई. आणि प्रत्येक रंगाचा खर्च वेगळा. चार ब्लॉक, चार छपाया, वर आर्ट पेपर. हजार-दोन हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या मराठी प्रकाशकाला ते परवडणार कसं?

म्हणून मुखपृष्ठं बहुधा दोन किंवा तीन रंगांत उरकावी लागत. इथंच चांगला चित्रकार आणि साधा चित्रकार यांतला फरक दिसे. कागदाचा पांढरा हा फुकटचा रंग. पिवळ्यावर निळा पडला की हिरवा मिळतो, तोही फुकट. म्हणजे दोन ब्लॉकांच्या पैशांत चार रंगांचं मुखपृष्ठ. त्यासाठी कुठला रंग कुठं सपाट ठेवायचा, कुठं एकावर एक चढवायचा आणि कुठं कागद मोकळा सोडायचा, याचा हिशेब चित्र काढायच्या आधी डोक्यात पक्का लागे. दलालांची सपाट रंगांची, ठसठशीत रेषेची मुखपृष्ठं पाहिली की हा हिशेब दिसतो. मोजक्या रंगांत ती भरलेली वाटतात, गरीब वाटत नाहीत.

आकाराचंही एक शास्त्र होतं. ब्लॉक करताना चित्र लहान होणार, म्हणून मूळ चित्र छापील आकारापेक्षा मोठं काढायची रीत होती. लहान झाल्यावर दोन बारीक रेषा एकमेकींना चिकटतात आणि एकटी बारीक रेषा नाहीशी होते. हे ओळखून रेषेची जाडी ठरवावी लागे. दलालांची रेषा वळणदार आहे, लयदार आहे, पण ती तुटत नाही की गुंतत नाही. ब्लॉकमेकरच्या कॅमेऱ्यातून आणि छापखान्याच्या दाबातून ती सुखरूप बाहेर पडे.

आणि अक्षरं. देवनागरीत शोभेचे टाइप तेव्हा फार थोडे होते. पुस्तकाचं नाव चित्रकारालाच हातानं लिहावं लागे. ऐतिहासिक कादंबरीचं अक्षर वेगळं, विनोदी पुस्तकाचं वेगळं, कवितासंग्रहाचं आणखी वेगळं. चित्र आणि नाव एकाच हातातून उतरत असल्यामुळं दोन्हींचा सूर जुळे. जुन्या मुखपृष्ठांत जो एकजिनसीपणा जाणवतो, त्याचं हे एक साधं कारण.

पुस्तकाचा जीव ओळखायचा

तंत्र सांभाळणारे बरेच होते. दलालांचं वेगळेपण पुढच्या पायरीवर होतं. पुस्तक कशाबद्दल आहे हे सांगणं सोपं. नायक, नायिका, मागे वाडा किंवा डोंगर, झालं मुखपृष्ठ. दलाल त्या पुस्तकाचा सूर पकडत. म्हणून त्यांची दोन मुखपृष्ठं शेजारी ठेवली तर कधी कधी ती एकाच माणसाची वाटत नाहीत. एक अगदी वास्तववादी, शरीरशास्त्राला धरून केलेलं. दुसरं अजिंठ्याच्या किंवा लघुचित्रांच्या वळणाचं. तिसऱ्यात आकार मोडून तोडून मांडलेले, पाश्चात्त्य आधुनिक चित्रकलेशी नातं सांगणारे. काही ठिकाणी नुसती रेषा, काही ठिकाणी नुसता रंगाचा फटकारा.

शैली बदलण्याची ही ताकद आवडीपुरती नव्हती, ती धंद्याचीही गरज होती. आज एका कवीचा संग्रह, उद्या एका कादंबरीकाराची सामाजिक कादंबरी, परवा मुलांचं गोष्टींचं पुस्तक. एकाच ठशाचं चित्र सगळ्यांना चिकटवणारा चित्रकार दोन वर्षांत शिळा होतो. दलाल तीस वर्षांत शिळे झाले नाहीत.

त्यांनी ज्या पुस्तकांना चेहरा दिला, त्यांतली काही मराठी घरांत कायमची राहिली. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपती’ या ग्रंथातली चित्रं दलालांची. अशा कामात नुसती कल्पना चालत नाही. पगडी कशी, अंगरखा कसा, तलवारीची मूठ कशी, गडाचा दरवाजा कसा, सगळं पारखून घ्यावं लागतं, कारण मराठी वाचक शिवकालाच्या बाबतीत चूक माफ करत नाही. ही चित्रं पाहत मोठ्या झालेल्या पिढ्यांच्या मनात शिवकाल जसा उभा आहे, त्यात दलालांच्या रेषेचा वाटा आहे. १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली, तिचं गाजलेलं मुखपृष्ठही दलालांचंच.

ज्या कर्णाला, ज्या शिवरायाला कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना चेहरा देणं ही जोखीम असते. वाचकाच्या मनातल्या प्रतिमेला धक्का लागला तर पुस्तकच हातात घेतलं जात नाही. आणि प्रकाशकाचे पैसे त्या एका चित्रावर लागलेले असतात. मुखपृष्ठ हे दुकानाच्या काचेतलं पुस्तकाचं तोंड. ते बोललं नाही तर आतली चारशे पानं गप्प राहतात.

नोकरी नाही, स्टुडिओ

चाळीसच्या दशकात गिरगावच्या बाजूला दलाल आर्ट स्टुडिओ उभा राहिला. मराठी प्रकाशनाची सगळी वर्दळ तेव्हा गिरगावात. प्रकाशक, छापखाने, ब्लॉकवाले, बाइंडर, लेखक, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळी हस्तलिखित आलं, संध्याकाळी कच्चं रेखाटन गेलं, आठवड्यात ब्लॉकचं प्रूफ आलं, असा कारभार.

या धंद्याचं अर्थशास्त्र कडक होतं. मुखपृष्ठाचं मानधन एकदाच मिळायचं, ही बाजाराची साधारण रीत. पुस्तकाच्या पुढं दहा आवृत्त्या निघोत, लेखकाला रॉयल्टी, चित्रकाराचा हिशेब पहिल्या दिवशीच संपलेला. प्रकाशक स्वतःच तंगीत, त्यामुळं पैसे वेळेवर येतील याचा भरवसा कमी. मूळ चित्र ब्लॉकवाल्याकडून परत येईलच असंही नसे. म्हणजे जी वस्तू पुढं विकता आली असती किंवा निदान जपता आली असती, तीही हातातून जायची. आजारी पडलं की उत्पन्न बंद. निवृत्तिवेतन हा शब्दच नाही.

अशा धंद्यात टिकायचं तर संख्या लागते, वेग लागतो, आणि वेगात दर्जा घसरू न देण्याची शिस्त लागते. दलालांच्या नावावर जमलेल्या कामाच्या प्रचंड आकड्याकडे त्या नजरेनं पाहायला हवं. हजारो मुखपृष्ठांमागे हौस होती, तसं महिन्याचं घरभाडंही होतं.

‘दीपावली’ : स्वतःच्या नावावर घेतलेली जोखीम

१९४५ साली दलालांनी ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू केला.

मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ पासूनची. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि पुढं तो मराठीचा सणच होऊन बसला. फराळ आणि अंक. पण १९४५ हे साल असं काही सुरू करायला सोयीचं मुळीच नव्हतं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युद्धकाळात कागदावर सरकारी नियंत्रण आलेलं, टंचाई मोठी, चांगला आर्ट पेपर तर दुर्मीळ. अशा वेळी एका चित्रकारानं, ज्याच्यामागे ना प्रकाशन संस्था ना भांडवलदार, रंगीत चित्रांनी नटलेला अंक काढायचं ठरवलं.

दिवाळी अंकाचं गणित समजून घेतलं तर जोखीम किती ते कळतं. काम सुरू होतं पावसाळ्यात. लेखकांना पत्रं, कथांचा पाठपुरावा, जाहिरातींसाठी दारोदार फिरणं. पावसात कागद दमट होतो, शाई वाळत नाही, चार रंग जुळत नाहीत. खर्च सगळा आधी करायचा, पैसा नंतर. आणि दिवाळीची तारीख काही पुढं ढकलता येत नाही. अंक वसुबारसेच्या आधी स्टॉलवर लागला तर तो दिवाळी अंक, भाऊबीज उलटल्यावर आला तर ती रद्दी.

तरीही दलालांनी हे का केलं असावं, याचं उत्तर अंकाच्या पानांत आहे. दुसऱ्याच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ करताना विषय लेखकाचा, रंगांची संख्या प्रकाशकाच्या खिशाची, अंतिम शब्द दोघांचा. ‘दीपावली’त मात्र चित्रकारच मालक आणि चित्रकारच संपादक. मुखपृष्ठ, आतली रंगीत चित्रं, कथांवरची रेखाटनं, हास्यचित्रं, पानाची मांडणी, सगळं एका नजरेखाली. त्यांच्या गाजलेल्या नायिकांच्या चित्रांना, सजावटी रचनांना, प्रयोगांना हक्काची जागा मिळाली. ज्या रंगीत चित्रासाठी एरवी कलादालनात जावं लागलं असतं, ते पान उलटताच घरात मिळू लागलं. कित्येक घरांत ती पानं अंकातून काढून चौकटीत बसवली गेली.

‘दीपावली’ पुढं मासिक रूपातही निघू लागली. चित्रांइतकंच तिथल्या साहित्याकडेही दलालांचं लक्ष होतं. मराठीतले नामवंत कथाकार आणि कवी त्या अंकांत लिहीत. चित्रकारानं काढलेला अंक म्हणून तो नुसता देखणा आणि आत पोकळ, असं कधी झालं नाही. कथेवरचं चित्र कथेच्या बाजूला नुसतं उभं राहत नसे, तर कथेतला नेमका क्षण पकडून वाचकाला आत ओढी. कुठला क्षण निवडायचा हीच तर कथाचित्रकाराची खरी परीक्षा. शेवट उघड होता कामा नये, पण उत्सुकता तर वाढली पाहिजे.

या अंकांनी राज्यांच्या सीमा ओलांडल्या. मराठी वाचनालय जिथं होतं तिथं दिवाळी अंकांची योजना होती. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं. हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या मराठी मंडळींनीही आपापली ग्रंथालयं जिद्दीनं चालवलेली. मुंबई-पुण्याच्या वाचकाला दिवाळी अंक ही सणाची चैन होती. मुलखापासून लांब राहणाऱ्या मराठी माणसाला ती वर्षाची शिदोरी होती. आणि त्यातली चित्रं भाषा न शिकलेल्या धाकट्यांनाही कळत.

तीन जण, तीन वाटा

दलाल एकटे नव्हते. त्यांच्या बरोबरीनं घराघरांत पोचलेले दुसरे चित्रकार म्हणजे रघुवीर मुळगावकर. तेही गोव्याचेच, अस्नोड्याचे, दलालांपेक्षा दोन वर्षांनी लहान. देवादिकांची सुळसुळीत, लोभस चित्रं, कॅलेंडरं आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं ही मुळगावकरांची ओळख. त्यांनीही स्वतःचा ‘रत्नप्रभा’ हा दिवाळी अंक काढला. एकाच प्रदेशातून आलेले दोन चित्रकार, दोघांचाही स्वतःचा अंक, आणि दोघांच्या चाहत्यांचे दोन तट. मुळगावकरांचं चित्र गोड, दलालांचं चित्र खोल, असं म्हणणारे होते. त्याच्या उलट म्हणणारेही कमी नव्हते.

दलालांच्याच साली, १९१६ मध्ये, गुलबर्ग्यात जन्मलेले एस. एम. पंडित सिनेमाची पोस्टरं आणि पौराणिक चित्रं यांत गाजले. म्हणजे छापील चित्रांची ही दुनिया घडवणारे तीन मोठे हात आजच्या महाराष्ट्राच्या सीमेबाहेरून आले होते.

याच मुंबईत दुसरीही एक हालचाल चालू होती. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्यातले फ्रान्सिस न्यूटन सूझा हे पुन्हा गोव्याचेच, साळगावचे. सूझा लंडनला गेले, कलादालनांत पोचले, आज त्यांच्या चित्रांवर मोठ्या बोली लागतात. कलेच्या इतिहासाची पुस्तकं त्यांच्याबद्दल पानंच्या पानं लिहितात. दलालांबद्दल मात्र तिथं एखादी ओळ, कधी तीही नाही. मुखपृष्ठ करणारा तो कमर्शियल आर्टिस्ट, असा शिक्का बसला की माणूस इतिहासाच्या दारातच थांबतो.

हा हिशेब थोडा तपासून पाहायला हवा. आधुनिक चित्रकलेत आकार कसे मोडतात, रंग वस्तूपासून सुटून स्वतंत्र कसा वागतो, हे कलादालनाची पायरी कधी न चढलेल्या मराठी वाचकाला कुणी दाखवलं? निपाणीच्या, सावंतवाडीच्या, बिदरच्या वाचकाला ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दिसलं. रुपया-दोन रुपयांच्या अंकाबरोबर त्याच्या घरात चित्रकला आली. हे काम प्रदर्शनांतून झालं नसतं.

गोवा सुटला, पण लांबूनच

दलालांच्या हयातीत एक मोठी उलथापालथ त्यांच्या जन्मगावी झाली. १९५५ नंतर गोवा आणि भारत यांच्यातली रेल्वे बंद पडली, नाकेबंदी आली. ज्या वाटेनं गोमंतकीय मुंबईला येत होते ती वाटच गोठली. मुंबईतल्या हजारो गोवेकरांची घरं एका सीमेपलीकडे अडकली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा दलाल ४५ वर्षांचे होते आणि त्यांचं सगळं काम मुंबईत रुजलेलं होतं. मडगावात जन्मलेल्या या माणसाची कर्मभूमी गिरगाव झाली होती, आणि वाचक सगळ्या मराठी मुलखात पसरला होता.

साठचं दशक हा त्यांच्या बहराचा काळ. मराठी ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरीनं तेव्हा जोर धरला होता. मोठ्या आकाराच्या, मोठ्या खपाच्या कादंबऱ्या येऊ लागल्या होत्या, आणि त्यांच्या प्रकाशकांना दलालांचं मुखपृष्ठ हवं होतं. हात मुरलेला, नाव मोठं, कामाची रीघ. आणि अशा भरात १९७१ च्या जानेवारीत ते गेले. लांबलचक आजारपण आणि सन्मानांचे कार्यक्रम, असा उतारवय त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

‘दीपावली’ त्यांच्यानंतरही थांबली नाही. दुसऱ्या हातांत गेली आणि चालत राहिली. आजही दिवाळी अंकांची यादी निघाली की त्यात ते नाव असतं.

मुखपृष्ठं गेली कुठं?

दलालांच्या वाट्याला आलेली सगळ्यात मोठी हानी वेगळीच आहे, आणि तिला कुणी एक माणूस जबाबदार नाही. आपल्याकडे वाचनालयात पुस्तक आलं की ते टिकावं म्हणून बाइंडिंगला जातं. बाइंडर पहिलं काम करतो ते मुखपृष्ठ काढायचं. वर जाड पुठ्ठा, निळं किंवा तपकिरी कापड, पाठीवर नंबर. शब्द वाचले, चित्र गेलं. दिवाळी अंक तर वर्षाअखेर रद्दीतच जायचे. घरातल्या कपाटात जी मुखपृष्ठं उरली, त्यांना कसर लागली किंवा पोरांनी कातरून वह्यांवर चिकटवली. नव्या आवृत्त्यांवर नवी चित्रं आली. अशा रीतीनं एका माणसाचं आयुष्यभराचं काम, जे एके काळी घरोघर होतं, ते शोधावं लागेल इतकं विरळ झालं.

तरीही सगळं संपलेलं नाही. सीमाभागातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या जुन्या वाचनालयांत दुर्लक्षामुळं का होईना, न बांधलेली पुस्तकं अजून सापडतात. माळ्यावरच्या ट्रंकांत पन्नास-साठच्या दशकांतले अंक निघतात. ते रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी एकदा मुखपृष्ठाचा कोपरा पाहावा. तिथं तीन अक्षरं असली, तर तेवढं पान तरी सपाट ठेवून, उन्हापासून आणि दमटपणापासून जपावं, आणि मोबाइलवर त्याचा एक चांगला फोटो काढून गावच्या वाचनालयाला द्यावा. सोबत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि साल लिहायला विसरू नये. चित्रकाराचं नाव तर त्यानं स्वतःच लिहून ठेवलेलं आहे.